सतरा टक्के नेमके कशाचे? लिंकेजच्या गणितातल्या या चुका टाळा

राजारामपुरीत मी बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. लिंकेज म्हणजे दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर असल्यानं सोबत पुढं जाणं. परवा पेपरात विचारलं होतं: अशा दोन जनुकांत रिकॉम्बिनेशन (गुणांची नवी जुळणी) १७ टक्के असेल, तर चार प्रकारची संतती किती-किती टक्के? एका मुलीचं उत्तर होतं: ३३, ३३, १७, १७. बेरीज बरोब्बर १००, त्यामुळे तिला शंकाच आली नाही.

गणित जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनच्या फळमाशीचं, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारं ते चिलट. करड्या अंगाची लांब पंखांची आणि काळ्या अंगाची खुरट्या पंखांची, या दोघांच्या संकरातली मादी टेस्ट क्रॉसला, म्हणजे काळ्या-खुरट्या नराशी, लावली. संतती २३००. मूळ जोड्या (पॅरेंटल, म्हणजे आजी-आजोबांसारख्या) ९६५ आणि ९४४, नव्या जोड्या (रिकॉम्बिनंट) २०६ आणि १८५. नव्या एकूण ३९१ भागिले २३००, म्हणजे १७ टक्के, हीच रिकॉम्बिनेशन फ्रिक्वेन्सी. हे १७ दोन्ही नव्या जोड्या मिळून. प्रत्येकीला साडेआठ, मूळ जोड्यांना साडेएक्केचाळीस.

दुसरी चूक: ‘दोन्ही प्रभावी गुण (इथं करडा रंग आणि लांब पंख) एकत्र, म्हणजे पॅरेंटल’ हे धरूनच चालणं. आजी-आजोबा करडे-खुरटे आणि काळे-लांब असतील, तर करडी-लांब माशीच रिकॉम्बिनंट. आधी आजी-आजोबा बघा, मग पेन उचला. आणि फ्रिक्वेन्सी ६२ आली तर समजायचं की पॅरेंटल आणि रिकॉम्बिनंट उलटेपालटे झालेत. ती ५० च्या वर जात नाही.

तिसऱ्या चुकीत मीही सापडलो. टेस्ट क्रॉसची टक्केवारी एफ-टू पिढीला (संकरित नर आणि संकरित मादी यांच्या पिल्लांना) तशीच चिकटवायची नसते, कारण १७ टक्के हे युग्मकांचे (अंडपेशी-शुक्रपेशींचे) आहेत, पिल्लांचे नव्हेत. टेस्ट क्रॉसमध्ये दोन्ही आकडे जुळतात, इतकंच. म्हणून काळ्या-खुरट्यांसाठी मी नोट्समध्ये ०.४१५ गुणिले ०.४१५, म्हणजे १७.२ टक्के लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, नर फळमाशीत क्रॉसिंग ओव्हर होतंय कुठं?” क्रॉसिंग ओव्हर म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल करणं, त्यातूनच नव्या जोड्या होतात. नरात ते खरंच होत नाही. नराकडून सरळ ०.५ येणार, म्हणून उत्तर ०.५ गुणिले ०.४१५, म्हणजे २०.७५ टक्के. वर्षभर त्याच नोट्स झेरॉक्स होत होत्या! (रेशीमकिड्यात उलटं, तिथं मादीत होत नाही.)

त्यावर त्याला मी एक कोडं घातलं: आजी-आजोबा करडे-खुरटे आणि काळे-लांब, मग एफ-टूमध्ये काळ्या-खुरट्या किती? शून्य. नराकडं तसं युग्मकच नाही. करड्या-लांब, करड्या-खुरट्या, काळ्या-लांब हे प्रमाण २:१:१, मग मादीत फ्रिक्वेन्सी १७ असो की ४०. पोरानं वहीचं पान भरवलं आणि दोनदा खोडलं.