तीन पत्ती: हातातली जोडी किती जड?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासरहून आलेल्या लेकी झोके घेतात आणि ओट्यावर पुरुषांचा कॅट पिसला जातो. खान्देशात त्या दिवशी डाव बहुधा तीन पत्तीचाच. जोडी (एकाच आकड्याची दोन पानं) दिसली की डोळे मिटून चाल देणारा, म्हणजे ढिगात भर टाकून डावात राहणारा, एखादा प्रत्येक ओट्यावर असतो, आणि कॅट आवरेपर्यंत बहुधा तोच रिकामा झालेला असतो. जोडीचं वजन मोजता येतं.

आधी एकूण हात. ५२ × ५१ × ५० ला ६ ने भागा, कारण तीच तीन पानं सहा क्रमांनी येऊ शकतात. उत्तर २२,१००. त्यात वरून खाली: ट्रेल (तिन्ही पानं एकाच आकड्याची) ५२, पक्की रन (एकाच चिन्हाची सलग पानं) ४८, साधी रन (सलग, पण चिन्हं मिसळलेली) ७२०, कलर (एकाच चिन्हाची, पण सलग नाहीत) १,०९६, जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात नुसते टॉपचे (काहीच जुळत नाही, मोठं पान बघायचं), म्हणजे शेकडा ७४. (पक्की रन ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी मान ट्रेलला. नियम आहे, हिशोब नव्हे.)

आता समजा सत्तीची जोडी आली. तिच्याखाली सगळे टॉप, शिवाय दुर्री ते छक्कीच्या जोड्या. एका आकड्याच्या जोडीचे हात २८८, पाचांचे १,४४०. बेरीज १७,८८०, भागिले २२,१०० म्हणजे ८१ टक्के. आपली पानं कॅटमधून वजा करून उरलेल्या ४९ पानांवर हिशोब केला तर सत्ती-सत्ती-राजाला ८१.८ टक्के येतात. एवढ्याशा फरकासाठी ओट्यावर कागद काढू नका.

पण हे ८१ टक्के एका ब्लाइंड, म्हणजे पानं न पाहता खेळणाऱ्या, गड्याविरुद्धचे. जास्त गडी असले की कित्येक जण ८१ ला गड्यांच्या संख्येने भागतात, ते चूक. सगळ्यांना एकदम हरवायचंय, म्हणून गुणाकार करायचा: दोघांविरुद्ध ०.८१ × ०.८१, म्हणजे ६५ टक्के. तिघांविरुद्ध ५३, चौघांविरुद्ध ४३, पाच जणांविरुद्ध अवघे ३५. म्हणजे सहा जणांच्या डावात सगळे ब्लाइंड असले, तरी सत्तीची जोडी तीनातून दोनदा हरते.

खरी गोम पुढेच. समोरच्याने पानं पाहून चाल दिली की त्याच्या हातात काहीही असू शकतं हे गृहीत मोडलं. तो जोडीशिवाय चाल देत नसेल तर त्याच्याकडे ५,६६० पैकीच एक हात आहे, आणि त्यातले आपण फक्त १,४४० हरवतो. ८१ चे झाले २५! तोच गडी एक्का टॉपवरही चाल देत असेल तर त्याचे ३,८४० हात वाढतात, ते सगळे आपल्याखालचे: ९,५०० पैकी ५,२८०, म्हणजे ५६ टक्के. पानं तीच, गडी बदलला की आकडा दुप्पट. म्हणून पहिले आठ-दहा डाव कोण कशावर शो मागतो (पानं उघडायला लावतो) ते बघावं.

टक्के कळले की किंमत बघा. ढिगात २४० चिंचोके आहेत आणि शोला ६० लागतात. टाकल्यावर ढीग ३०० चा, म्हणजे ६० भागिले ३००, किमान २० टक्के जिंकण्याची शक्यता हवी. आपली २५ आहे, शो मागा. ढीग १२० चाच असता तर ३३ टक्के लागले असते, तेव्हा पॅक, म्हणजे पानं टाकून द्या. चिंचोके म्हणतोय ते मुद्दाम. पैसे लावून बसलात तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

जोडीच नसेल तर राजा-दश्शी-दुर्री लक्षात ठेवा. सगळे हात चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधोमध हाच येतो. याहून वरचा हात एकट्या ब्लाइंड गड्यापुढे निम्म्याहून जास्त वेळा जिंकतो.

एक्का-दुर्री-तिर्री सगळ्यात मोठी रन की दुसऱ्या नंबरची, हे वाटण्याआधी ठरवून घ्या. रनची संख्या त्याने बदलत नाही, भांडण मात्र टळतं. जोकर (कुठल्याही पानाच्या जागी चालणारं पान) लावला तर वरचे आकडे चालत नाहीत, जोड्या आणि ट्रेल भसाभस वाढतात. मुफलिसमध्ये, म्हणजे सगळ्यात हलका हात जिंकतो त्या प्रकारात, सगळं उलटं मोजा.