चर्चासत्राच्या अभ्यासक्रमाची तयारी कशी करावी

चर्चासत्राचा तास विद्यार्थ्यांच्या वाचनावर चालतो. म्हणून नेमलेला मजकूर आदल्या दिवशीपर्यंत वाचून, लेखकाचा मुख्य दावा, त्याचा आधार आणि आपल्याला न पटलेली एखादी जागा पृष्ठक्रमांकासह वहीत टिपून ठेवावी. ‘लेख आवडला’ अशा शेऱ्याने चर्चा पुढे सरकत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातील उदाहरण लेखकाच्याच दाव्याला छेद देते का?’ हा प्रश्न मात्र सर्वांना पुन्हा मजकुराकडे वळवतो. सादरीकरणाची पाळी आल्यास सारांश थोडक्यात आटोपून उरलेला वेळ प्रश्नांसाठी राखावा. सत्राअखेरच्या निबंधाचा विषय लवकर ठरवून प्राध्यापकांना दाखवावा, कारण विषय फार व्यापक असणे ही नेहमीची अडचण सुरुवातीलाच सहज सुटते. दुसऱ्याचा विचार घेतल्यास, शब्द स्वतःचे असले तरी, संदर्भ द्यावाच.