सेप्सिसचा इशारा देणारा एआय आयसीयूत बसवताना

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागणं. सोलापुरातल्या आयसीयूत त्याचा इशारा देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, की कंपनीचा माणूस डेमोत लाल दिवा दाखवतो. तुम्ही मात्र आधी त्यात जाणारे आकडे तपासा. निम्मा घोळ तिथेच असतो.

सुरुवात एककांपासून. लॅब प्लेटलेट ०.८ लाख असं देते आणि सॉफ्टवेअरला आकडा हजारांत हवा असतो. तिथे ८० जायला हवं. ०.८ गेलं, तर नुसत्या आकड्यापायी पेशंट अत्यवस्थ ठरतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) डेसिलिटरला १ मिलीग्रॅम म्हणजे लिटरला ८८.४ मायक्रोमोल, ताप १०१ फॅरनहाइट म्हणजे ३८.३ सेल्सिअस. चार-पाच जुन्या केसपेपरवरून हे हाताने जुळवून बघा.

मग वेळ. कागदी चार्टवरचे आकडे शिफ्ट संपताना एकदम चढवले, तर दुपारी दोनला पडलेलं बीपी मशीनला रात्री आठला कळतं. नोंदीसोबत मोजल्याची वेळ हवी, टाइप केल्याची नव्हे. आणि सगळ्या बेडवर श्वासांचा दर २० दिसला, तर कोणीच मोजलेला नाही असं खुशाल समजा. मिनिटभर मोजा: न्यूज-२ स्कोअरमध्ये (नाडी, बीपी, श्वास वगैरेंवरून पेशंट किती गंभीर ते सांगणारी गुणपद्धत) २० ला शून्य गुण, २५ ला थेट तीन.

पहिले दोन महिने इशारे कोणाला दाखवू नका, नुसते साठवा. नंतर डॉक्टरांच्या निदानाशी ताडून बघा. समजा १०० पेशंटमध्ये १० जणांना सेप्सिस आहे. मॉडेलची संवेदनशीलता (सेप्सिस असलेल्यांपैकी किती पकडले) ८० टक्के आणि विशिष्टता (सेप्सिस नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) ८० टक्के असेल, तर २६ वेळा घंटा वाजेल, त्यातल्या १८ खोट्या, शिवाय दोघे सुटतील. अमेरिकेत सर्रास वापरलेलं एपिक या सॉफ्टवेअर कंपनीचं सेप्सिस मॉडेल मिशिगनमध्ये तपासलं, तेव्हा सेप्सिसच्या ६७ टक्के पेशंटना त्याने ओळखलंच नव्हतं. तो अभ्यास २०२१ साली आला. म्हणून घंटा वाजली नाही याचा अर्थ पेशंट ठीक आहे असा घ्यायचा नाही.

एप्रिल-मे वेगळे तपासा. उष्माघातात ताप, धडधड, बरळणं, सगळं सेप्सिससारखंच दिसतं. पेशंट उन्हात कामाला होता का, हे मशीनला कोणी सांगितलेलं नसतं, नातेवाइकांना विचारा.

प्रत्यक्ष वापर सुरू झाला, की घंटेला कोण धावणार हे शिफ्टवार नावानिशी लिहा. सिस्टर आधी प्रोब आणि कफ नीट बसलाय का ते बघतील, बीपी स्वतः पुन्हा घेतील. संशय टिकला तर डॉक्टर लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि दोन ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवतील. शॉक (बीपी घसरून अवयवांना रक्त न पुरणं) असेल तर अँटिबायोटिक तासाच्या आत. कल्चर रखडलं म्हणून डोस थांबवू नये. शॉक नसेल आणि निदान डळमळीत असेल, तर झटपट तपासून तीन तासांत निर्णय. इशारा फेटाळला तर कारण एका ओळीत लिहायचं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली किंवा लॅबचं मशीन बदललं, तर इशारे पुन्हा झाकून ताडणी नव्याने करा. नेट गेल्यावर लागेल म्हणून न्यूज-२ चा कागदी तक्ता प्रत्येक बेडला टांगलेला असू द्या.