जुनी चासी घेऊन गाडी बांधताय? आधी कागद बघा

गाडी नव्याने उभी करताना इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, बॉडी कुठूनही जमवता येते. चासीचं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, तसं नाही. आरटीओच्या लेखी चासी नंबर हीच गाडीची ओळख. त्यामुळे जुन्या चासीबरोबर दुसऱ्याची नोंदणी, तिच्यावरचा बँकेचा बोजा, थकलेला कर आणि नशीब वाईट असेल तर चोरीची फिर्यादही दारात येते.

सर्रास होतं ते असं. जीपची चासी कुजते, त्याच मॉडेलची दुसरी मिळते आणि बॉडी उचलून तिच्यावर ठेवली जाते. आता नंबराचं काय? तो तसाच ठेवला तर आरसीशी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 55(5) खाली नोंदणी रद्द होऊ शकते. ग्राइंडरने घासून आपला नंबर पंच केला तर प्रकरण खोटेपणाचं आणि फसवणुकीचं होतं. ‘गाडी माझीच, नंबरही माझाच’ हे गॅरेजमध्ये पटतं, पोलीस ठाण्यात नाही. शिवाय घासलेला नंबर खरं तर जात नाही. पंचाच्या ठोक्याने खाचेखालचं लोखंडही दबलेलं असतं, त्यामुळे फॉरेन्सिकवाले त्यावर रसायन लावतात तेव्हा जुने आकडे पुन्हा उमटतात.

म्हणून पैसे देण्याआधी नंबर स्वतः वाचा. चासीच्या पुढच्या भागात, बहुतेकदा उजव्या रेलवर (सांगाड्याच्या लांब तुळईवर), तो कोरलेला असतो. वायर ब्रशने माती-गंज काढा (ग्राइंडर लावू नका), कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. अलीकडच्या गाड्यांचा नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं येत नाहीत. दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. जुन्या गाड्यांचे नंबर मात्र आखूड असतात, तेवढ्यावरून शंका घेऊ नका. आकडे वेडेवाकडे, कमी-जास्त खोल, भोवतीचा पत्रा पातळ किंवा वेल्डची चौकट दिसत असेल तर चासी स्वस्त का आहे ते कळलंच.

मग मूळ आरसी मागा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हवा. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणी चालू आहे की रद्द ते पाहा, आणि एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत चोरीची गाडी नाही ना, हेही तपासा. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भंगारवाल्याची साधी पावती इथे ढाल ठरत नाही. नोंदणी रद्द झालेली किंवा स्क्रॅप दाखवलेली चासी रस्त्यावरच्या गाडीसाठी घेऊच नका. ‘नवीन गाडी म्हणून पासिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला फॉर्म 21 आणि 22 कुठून आणणार, एवढंच विचारा. विक्रीचा आणि रस्तायोग्यतेचा हा दाखला विक्रेता आणि उत्पादकाकडून येतो. गॅरेजने जोडलेल्या गाडीला तो मिळत नाही.

सरळ वाट एकच: चासी ज्या गाडीची, तीच गाडी पुढे चालणार असं धरून चाला. तिची आरसी फॉर्म 29 आणि 30 भरून आपल्या नावावर करा. इंजिन बदलायचं असेल, अगदी त्याच मॉडेलचं असलं तरी, आरटीओची परवानगी आधी घ्या आणि काम झाल्यावर आरसीत नोंद करून घ्या. तुमच्या जुन्या, निकामी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे रद्द करायला द्या. एका गाडीवर दोन आरसी बाळगू नका. आपलाच नंबर टिकवायचा हट्ट असेल तर जुनी चासी विसरा आणि कंपनीकडून नवी मिळते का ते पाहा, पण पूर्वपरवानगी तिलाही लागते. त्याच कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करू देत नाही. विनापरवाना बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

विम्याचं दुखणं अपघात झाल्यावरच कळतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर पॉलिसीतला नंबर चासीवर शोधतो. जुळला नाही तर तुमच्या गाडीचा दावा अडतो, आणि तिसऱ्याला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करायला निघू शकते.

एक काम मात्र बहुतेक जण विसरतात. चासी सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज काढायला) देण्याआधी नंबराचे फोटो काढा आणि त्या जागेवर जाड टेप किंवा पत्रा लावा. वाळूच्या माऱ्याने उथळ खाचा पुसट होतात, जाड रंगाने बुजतात, आणि मग खरा नंबरही खाडाखोड केल्यासारखा दिसतो.