परदेशात विवाह करण्यापूर्वी घरूनच जुळवून नेण्याची कागदपत्रे

परदेशात कायदेशीर विवाह करायचे ठरले, की तिकिटाच्या आधी जन्मदाखला, शाळेचा निर्गम उतारा, आधार कार्ड आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख व जन्मस्थळ अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मात्र खरी तारीख राहिली, असे मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आजही आढळते, आणि तिकडच्या विवाह नोंदणी अधिकाऱ्याला या दोन तारखांमागचे कारण कळण्याचा काही मार्ग नसतो. ही दुरुस्ती साक्षांकनाचे, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी प्रमाणीकरणाचे, शिक्के बसण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण मूळ दाखला बदलला की त्यावरचे साक्षांकन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

जन्मस्थळाचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यामुळे जुन्या पासपोर्टवर एक नाव आणि नव्याने काढलेल्या दाखल्यावर दुसरे, असे होऊ शकते. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता, म्हणून त्याआधी जन्मलेल्यांनी जिल्ह्याचे नावही तपासावे. नामांतराच्या राजपत्रातील अधिसूचनेची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर सोबत ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. जन्माची नोंदच झालेली नसेल, तर हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. एक वर्षापेक्षा अधिक उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात बराच वेळ जातो.

त्यानंतर अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे, परंतु ते फार आधी करू नये, कारण अनेक देश काही महिन्यांपूर्वीचेच प्रतिज्ञापत्र स्वीकारतात. घटस्फोटितांनी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, तर विधुर किंवा विधवा व्यक्तींनी पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला जोडावा. गावकीत लिहून घेतलेल्या फारकतीवर कोणीही विसंबू नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने होणारी काडीमोड मान्य केली असली, तरी परदेशी कार्यालयाला ती रूढी पटवून देणे फार अवघड असते. पुनर्विवाहाला निघालेल्या मुलीची यात सर्वाधिक ओढाताण होते, म्हणून वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयाचा निर्णय आधीच मिळवावा.

साक्षांकनाचा क्रम साधारणपणे आधी राज्य शासन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातील देशांत चालणारे प्रमाणीकरण, असा असतो. अपोस्टिलचा करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. मात्र भारताच्या सहभागावर जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तेथे हे अपोस्टिल चालत नाही आणि कागदपत्रांची पडताळणी जर्मन वकिलातीमार्फत होते. भाषांतर अपोस्टिलनंतर करावे, म्हणजे त्या शिक्क्याचा मजकूरही त्यात येतो.

देशागणिक मुदती वेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये दोघांनी समक्ष जाऊन विवाहाची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे २८ दिवस थांबावे लागते. केवळ विवाहासाठी जाणाऱ्याला त्यासाठीचा स्वतंत्र व्हिसा लागतो, साधा पर्यटक व्हिसा चालत नाही. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असल्यास १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोरही विवाह करता येतो. त्यासाठी वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण असावे, नोटिशीआधी दोघांपैकी एकाचे तेथे किमान ३० दिवस वास्तव्य असावे आणि विवाहप्रसंगी तीन साक्षीदार हजर असावेत.

विवाह झाल्यावर विवाह प्रमाणपत्राच्या दोन-तीन अधिकृत प्रती मागून घ्याव्यात आणि तो देश अपोस्टिल करारात असेल, तर तिथूनच त्यांवर अपोस्टिल करून आणावे, कारण परदेशी दाखल्यावर ते भारतात मिळत नाही.