'फार अपार्ट' वापरताना आधी दोन टोकं मोजा

इंग्रजीतल्या मुलाखतीत कुणी घराचं विचारलं, की ठाण्याहून वाशीला आलेला उमेदवार हमखास म्हणतो, "वाशी इज फार अपार्ट फ्रॉम ठाणे." डोक्यात "वाशी ठाण्यापासून लांब आहे" हे मराठी वाक्य असतं, त्यातल्या 'पासून'चं 'फ्रॉम' झालेलं असतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कानाला खटकतंच.

'अपार्ट' म्हणजे एकमेकांपासून दूर, म्हणून त्याला कर्त्याच्या जागी दोन किंवा जास्त गोष्टी लागतात. एकटी वाशी 'अपार्ट' असू शकत नाही. ठाणे आणि वाशी मिळून असतात : "ठाणे अँड वाशी आर फार अपार्ट." क्रियापदही 'इज' नाही, 'आर'. कर्ता एकटाच असेल तर 'अपार्ट' काढून टाका : "वाशी इज फार फ्रॉम ठाणे", किंवा बोलताना जास्त सहज वाटणारं "वाशी इज अ लाँग वे फ्रॉम ठाणे". 'फार अवे'सुद्धा एकट्या गोष्टीला चालतं, कारण त्यात दुसरं टोक म्हणजे बोलणारा जिथे उभा आहे ती जागा.

'अपार्ट'च्या मागे थेट 'फ्रॉम' आला की आणखी एक घोळ होतो. 'अपार्ट फ्रॉम' या जोडीचा रोजचा अर्थ 'सोडून' किंवा 'शिवाय' असा आहे. "अपार्ट फ्रॉम ऐरोली" म्हणजे ऐरोली सोडून. त्यामुळे ऐकणारा क्षणभर वेगळ्याच वाक्याची वाट बघतो. 'फार अपार्ट फ्रॉम ईच अदर' मात्र चालतं. तिथे कर्ता अनेकवचनीच असतो, शब्द थोडे जास्तीचे होतात इतकंच.

देवनागरीत लिहिलं की हा 'फार' आपल्या 'फार'सारखाच दिसतो, आणि मग 'व्हेरी अपार्ट' म्हणायचा मोह होतो. तसं म्हणत नाहीत. 'व्हेरी' घालायचाच असेल तर 'फार'च्या आधी : 'व्हेरी फार अपार्ट'.

आकडा सांगायचा असेल तर 'फार' जातो आणि त्याच जागी आकडा बसतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ते अंतर ३४ किलोमीटर. वाक्य होईल : "बोरीबंदर अँड ठाणे आर थर्टी-फोर किलोमीटर्स अपार्ट." आकड्यामागे 'फार' चिकटवून केलेलं "थर्टी-फोर किलोमीटर्स फार" आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. एकाच गावाबद्दल बोलत असाल तर "थर्टी-फोर किलोमीटर्स फ्रॉम बोरीबंदर" पुरे, हवं तर 'फ्रॉम'आधी 'अवे' घाला. प्रश्न विचारताना 'फार' परत येतो : "हाऊ फार अपार्ट आर दे?"

वेळेलाही हीच रचना. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्गावरच्या दोन लोकलमध्ये दहा मिनिटांचं अंतर असेल तर "द ट्रेन्स आर टेन मिनिट्स अपार्ट". भावंडांत तीन वर्षांचं अंतर असेल तर "दे वेअर बॉर्न थ्री इयर्स अपार्ट". व्यायामशाळेत "फीट शोल्डर-विड्थ अपार्ट" म्हटलं, की दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीइतकी जागा सोडायची.

अंतर मतांचंही असतं. घोडबंदर रोडच्या फ्लॅटला मालक ९० लाख मागतो आणि घेणारा ७५ वर अडून बसतो, तेव्हा दलाल म्हणेल, "दे आर स्टिल फार अपार्ट." इथे 'स्टिल' महत्त्वाचा, कारण अंतर कमी होण्याची आशा त्यात आहे. आशाच नसेल, स्वभाव किंवा विचारच उलटे असतील, तर 'पोल्स अपार्ट'. हे पोल म्हणजे विजेचे खांब नव्हेत, पृथ्वीचे ध्रुव आहेत. पृष्ठभागावरून मोजलं तर त्यांच्यात सुमारे २०,००० किलोमीटर पडतात. म्हणून 'पोल्स' नेहमी अनेकवचनी. 'पोल्स अपार्ट' नामाआधी लावू नका. "पोल्स अपार्ट ओपिनियन्स" नको, "देअर ओपिनियन्स आर पोल्स अपार्ट" म्हणा. किलोमीटरच्या अंतराला तर हा शब्द अजिबात नको. ठाणे आणि पनवेल 'पोल्स अपार्ट' म्हटलं, तर दोन्ही गावांचा स्वभाव वेगळा असा अर्थ निघेल.

मित्र हळूहळू दुरावले तर 'ड्रिफ्टेड अपार्ट'. भांडण झालं असेल तर हा शब्द वापरू नका. 'ड्रिफ्ट'मध्ये कुणाचा दोष नसतो, पाण्यावरची होडी वाहत जावी तसं ते होतं.

'अपार्ट'चं मूळ फ्रेंच, अर्थ 'बाजूला'. 'अपार्टमेंट'ही त्याच गोतातला, वेगळं काढलेलं दालन. शेजारच्यांचा मिक्सर भिंतीतून ऐकू येणाऱ्या इमारतींनाही आपण तेच नाव दिलंय, ही गंमत वेगळी.

अर्ज लिहिताना शेवटी एक गोष्ट तपासा. 'अ पार्ट' म्हणजे भाग आणि 'अपार्ट' म्हणजे वेगळं. "आय वॉज अ पार्ट ऑफ द टीम" लिहिताना मधली स्पेस राहून गेली, तर उलटा अर्थ हातात पडतो. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत.