खिडकीच्या फळीवरची धूळ, आणि तिच्यासाठी मागायचे सरकारी पैसे

अमेरिकेत पीएचडी किंवा पोस्टडॉक करणाऱ्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून निरोप येतात. "ताई, शिशावर काम करतोय, एनआयएचला प्रपोजल टाकू का?" एनआयएच म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी इथली केंद्रीय संस्था. मी इथल्या एका विद्यापीठात पर्यावरण-आरोग्य शिकवते. जुन्या रंगातून घरात पडणाऱ्या शिशाच्या धुळीवर माझं काम आहे आणि अनुदानांच्या छाननी समित्यांवरही मी बसले आहे. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: उत्तर मिळाल्यावर बदलणार काय? शरीराबद्दलचं ज्ञान, की एखाद्या घरात होणारं काम? दार कुठलं ठोठवायचं ते यावरून ठरतं.

शिसं शरीरात जाऊन काय करतं, हा प्रश्न नॉर्थ कॅरोलायनातल्या एनआयईएचएस या पर्यावरण-आरोग्य संस्थेचा. ती एनआयएचचीच एक संस्था. घरातला धोका ओळखायचा कसा, कमी करायचा कसा आणि त्याला खर्च किती, हा प्रश्न गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे हडचा. हडमध्ये शिशाचा धोका आणि 'निरोगी घरं' यांसाठी वेगळं कार्यालय आहे, आणि त्याचं 'टेक्निकल स्टडीज' नावाचं संशोधन अनुदान आहे. शिशाच्या अभ्यासाचा कायदेशीर पाया १९९२ च्या कायद्यातल्या 'टायटल टेन'मध्ये आहे. बुरशी, रेडॉन, कार्बन मोनॉक्साइड, झुरळांमुळे बळावणारा दमा, म्हाताऱ्या माणसांचं घरात पडणं हे सगळं 'निरोगी घरं' या भागात येतं. आपल्या लोकांना एनआयएच तोंडपाठ असतं आणि हडचं नावही माहीत नसतं. त्यामुळे घराबद्दलचे चांगले प्रश्न चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात.

एक उदाहरण देते. १९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये हडच्या पैशावर एक अभ्यास झाला. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं आणि त्यांच्या घरातल्या जमिनीवरची, खिडकीच्या फळीवरची धूळ यांचं नातं त्यात मोजलं. धूळ ओल्या पुसणीने ठरावीक चौकटीत गोळा करायची आणि चौरस फुटामागे शिसं किती ते काढायचं, अशी साधी पद्धत. पुढे ईपीएने, म्हणजे केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने, धुळीची मर्यादा ठरवली तेव्हा अशाच आकड्यांचा आधार घेतला. २००१ मध्ये जमिनीसाठी दर चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम आणि खिडकीच्या फळीसाठी २५० अशी मर्यादा होती. २०१९ च्या नियमात त्या १० आणि १०० झाल्या. ऑक्टोबर २०२४ च्या नियमात काम संपल्यावर गाठायची पातळी जमिनीसाठी ५, फळीसाठी ४० आणि खिडकीच्या खाचेसाठी १०० अशी ठरली. हडला आवडणारा अभ्यास कसा असतो, ते यातून कळेल. त्याच्या शेवटी कुणीतरी मजुराला, निरीक्षकाला किंवा घरमालकाला वेगळं काही सांगू शकतं.

म्हणून प्रस्तावाचं पहिलं पान लिहिण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर मांडा आणि तो एखाद्या रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराला वाचून दाखवा. "त्याचं मला काय?" असं तो म्हणाला, तर प्रश्न अजून तयार नाही. 'धुळीतील शिशाच्या जैवउपलब्धतेचे आकलन' हा विषय हडकडे फारसा चालत नाही. जुन्या, भेगाळलेल्या लाकडी जमिनीवर ५ ची पातळी साफसफाईने खरंच गाठता येते का, आणि गाठली तर किती महिने टिकते? हा चालतो. खिडक्या बदलल्या तर फायदा किती वर्षं राहतो, हा चालतो. घरच्या माणसाने स्वतः घेतलेला धुळीचा नमुना प्रशिक्षित माणसाच्या नमुन्याइतका भरवशाचा असतो का, हाही चालतो.

गरज सांगणाऱ्या भागात बहुतेक जण "शिसे हे विषारी आहे" इथून सुरुवात करून दोन पानं खर्ची घालतात. समोरची माणसं आयुष्यभर तेच वाचत आली आहेत. त्याऐवजी तुमच्या काउंटीत १९७८ च्या आधीची घरं किती, ते जनगणनेच्या आकड्यांतून काढा. त्याच वर्षी घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर देशभर बंदी आली. देशाचा आकडा हवा असेल, तर हडच्याच २०१८-१९ च्या सर्वेक्षणात सुमारे ३ कोटी ४६ लाख घरांत शिशाचा रंग असल्याचा अंदाज आहे. राज्याच्या आरोग्य खात्याकडून रक्तचाचण्यांची माहिती घ्या. सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेची मुलांच्या रक्तातल्या शिशासाठीची संदर्भ पातळी ऑक्टोबर २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, त्याआधी ५ होती. जुन्या आणि नव्या आकड्यांची सरमिसळ झालेली दिसली की छाननी करणारा पेन्सिल हातात घेतो.

घरावरच पैसा का घालायचा, याचं सर्वात जोरदार कारण मला औषधाच्या एका चाचणीत सापडतं. एनआयईएचएसच्या पैशावर ७८० लहान मुलांवर सक्सिमर या औषधाची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तातलं शिसं औषधाने उतरलं. बुद्धीच्या, वागणुकीच्या चाचण्यांत मात्र मुलांना फायदा झाला नाही. म्हणजे शिसं मुलाच्या पोटात जाण्याआधीच काय ते करायला हवं. हे दोन ओळींत लिहा आणि पुढे चला.

आता कागदपत्रं. अर्ज व्यक्तीला करता येत नाही, संस्था करते. विद्यापीठ, ना-नफा संस्था, राज्य किंवा शहर सरकार चालतं; खासगी कंपनीही चालते, पण तिला नफा लावता येत नाही. संस्थेची नोंद सॅम डॉट गव्ह या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर चालू असावी लागते आणि तिचा यूईआय हा ओळख क्रमांक लागतो. एप्रिल २०२२ पासून तो जुन्या डन्स क्रमांकाच्या जागी आला. मोठ्या विद्यापीठात हे सगळं झालेलंच असतं. एखादी वस्तीपातळीवरची छोटी संस्था मुख्य अर्जदार असेल, तर तिची नोंद आजच तपासा, कारण मुदत संपलेली नोंद पुन्हा चालू करायला आठवडे जातात. अर्ज ग्रँट्स डॉट गव्हवरून जातो. अलीकडच्या काही वर्षांत हडने हे अनुदान दोन टप्प्यांत मागवलं आहे: आधी छोटा पूर्व-अर्ज, त्यातून निवडलेल्यांना पूर्ण अर्जाचं निमंत्रण. अर्ज मागवणारी नोटीस निघाल्यावर फार वेळ मिळत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोटिसा आणून वाचा आणि त्यांच्यावर बेतून आधीच मसुदा करून ठेवा.

व्हिसाबद्दल नेहमी विचारलं जातं. अर्जदार संस्था असल्यामुळे एच-वन-बीवरचा माणूसही मुख्य संशोधक होऊ शकतो, संस्थेने होकार दिला की झालं. एनआयएचच्या आर-झिरो-वन आणि आर-ट्वेंटीवन या संशोधन प्रकल्पांच्या अनुदानांचंही तसंच. एफ प्रकारच्या (शिष्यवृत्तीच्या) आणि बहुतेक के प्रकारच्या (करिअर घडवण्याच्या) अनुदानांना मात्र नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. त्यात के-नाइंटीनाइन हा अपवाद आहे, आणि आपल्या कितीतरी पोस्टडॉकना तो ठाऊकच नसतो.

आता जिथे प्रस्ताव खरोखर बुडतात, तिथे येऊ. "आम्ही १५० घरे निवडू" असं लिहिणं सोपं आहे. पण १९७८ च्या आधीच्या घरात शिसं आहे हे मालकाला कळलं, की ती माहिती भाडेकरूला आणि खरेदीदाराला देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक होतं. तुम्ही फुकट तपासणी करून देताय, आणि मालकाला त्यात आयुष्यभराची डोकेदुखी दिसते. बरेच मालक फोन ठेवून देतात. भाडेकरूला वेगळीच भीती: तक्रारखोर म्हणून घर सोडायला लावलं तर? ज्यांच्या कागदपत्रांचा घोळ आहे, ते दार उघडत नाहीत. शिवाय भाडेकरू घरं बदलतात. वर्षभराने दुसरा नमुना घ्यायला जावं तर त्या घरात दुसरंच कुटुंब.

याला उत्तर एकच, आणि ते प्रस्तावात ठळक दिसायला हवं: मालकाला देण्यासारखं काहीतरी हातात ठेवा. शहराला किंवा राज्याला शिसे हटवण्यासाठी हडचं वेगळं अनुदान मिळत असतं. त्या कार्यक्रमाशी आधी बोलून "धोका सापडलेली घरं आम्ही प्राधान्याने घेऊ" असं सहीचं पत्र आणा. "आमचा पाठिंबा आहे" छापाच्या पत्राला मी किंमत देत नाही. किती घरं, कुणाच्या खर्चाने, कधीपर्यंत, हे असलेलं पत्र प्रस्तावाला तारतं. वस्तीतल्या संस्थेला बजेटमध्ये खरा वाटा द्या. तिच्या माणसांनी दार वाजवलं तर उघडतं, आपण वाजवलं तर नाही. गळतीचा आकडा लपवू नका. एक तृतीयांश कुटुंबं जातील असं वाटत असेल तर तसं लिहा आणि नमुन्याचं गणित त्यावर करा.

ऋतूचंही भान ठेवा. मुलांच्या रक्तातलं शिसं इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, चढतं. तेव्हा खिडक्या उघडझाप होतात, चौकटीतला रंग घासून धूळ पडते. 'आधी'चा नमुना ऑगस्टमध्ये आणि 'नंतर'चा फेब्रुवारीत घेतलात, तर तुमचा उपाय फुकटात यशस्वी ठरेल आणि समितीतला कुणीतरी ते नक्की पकडेल. तुलनेचा गट ठेवा, किंवा बरोबर वर्षाने परत जा.

मुलांवरच्या अभ्यासाची नैतिक बाजू एका परिच्छेदात उरकणाऱ्यांना मी बाल्टिमोरची हकीकत वाचायला सांगते. १९९० च्या दशकात केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटने ईपीएच्या पैशावर एक अभ्यास केला. वेगवेगळ्या प्रमाणात, काही अर्धवटच, शिसे-दुरुस्ती केलेल्या घरांत लहान मुलांची कुटुंबं राहत होती आणि मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं जात होतं. प्रकरण मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये न्यायालयाने संशोधकांवर कडक ताशेरे ओढले: अशा अभ्यासात संशोधकांची सहभागी कुटुंबांप्रति विशेष जबाबदारी असू शकते. संशोधकांची बाजू अशी होती की त्या वस्तीतली बाकीची घरं याहून वाईट होती. तेही खोटं नव्हतं. पण आज तुमच्या प्रस्तावात तीन गोष्टींची तारीखवार हमी हवी. निकाल किती दिवसांत आणि कुठल्या भाषेत कुटुंबाला कळवणार. पातळी जास्त निघाली तर त्याच आठवड्यात काय करणार. आणि तुलनेच्या गटातल्या घरांना अखेरीस काय मिळणार. आयआरबीची, म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीची, मंजुरी अनुदानानंतर घेतली तरी चालते, पण हा विचार आधी झालेला दिसला पाहिजे.

काही सरकारी अडथळे नवख्यांना ठाऊक नसतात. हडचं संशोधन अनुदान पुष्कळदा 'सहकार्य करारा'च्या स्वरूपात असतं, म्हणजे खातं कामात लक्ष घालतं. अशा वेळी दहा किंवा जास्त लोकांना एकच प्रश्नावली द्यायची तर पेपरवर्क रिडक्शन अॅक्टखाली ओएमबीची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या बजेट कार्यालयाची, मंजुरी लागू शकते, आणि तिला महिने लागतात. घरात दुरुस्ती करणार असाल तर पर्यावरण पडताळणी आधी; ती होण्यापूर्वी त्या कामावर पैसे बांधता येत नाहीत. गुणवत्ता हमीचा आराखडा वेगळा द्यावा लागतो: कोरे नमुने, दुहेरी नमुने, रंगातलं शिसं मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्राची रोजची तपासणी. धुळीचे नमुने ईपीएच्या मान्यता योजनेतल्या प्रयोगशाळेतच द्या. ती प्रयोगशाळा ५ च्या खाली भरवशाने मोजू शकते का, ते लेखी घ्या. वेळापत्रकाचे पहिले सहा महिने या सगळ्यासाठी मोकळे ठेवा. पहिल्याच महिन्यात 'घरभेटी सुरू' लिहिलेलं वेळापत्रक पाहिलं की हा माणूस पहिल्यांदाच आलाय हे कळतं.

बजेटबद्दल थोडक्यात. दुभाषा, कुटुंबांचा मोबदला, संध्याकाळच्या आणि शनिवारच्या भेटींचा पगार, फुकट गेलेल्या फेऱ्यांचं पेट्रोल हे लिहायला लोक लाजतात. लाजू नका. ज्या संस्थेचा अप्रत्यक्ष खर्चाचा (कार्यालय, वीज, हिशेब अशा खर्चाचा) दर सरकारशी ठरलेला नाही, तिला ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत दर लावता येतो. पूर्वी तो १० होता. वस्तीतल्या भागीदार संस्थेला हे सांगा, तिला बहुधा माहीत नसतं.

आणि लिहायला बसण्याआधी कार्यक्रम जिवंत आहे का ते बघा. एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीची मुलांच्या शिसे-विषबाधेवर काम करणारी टीम नोकरकपातीत गेली. वेबसाइटवर पान आहे म्हणजे मागे माणूस आहे असं समजू नका. नोटिशीत दिलेल्या अधिकाऱ्याला छोटी ईमेल टाका: प्रश्न एका परिच्छेदात, शेवटी "हे तुमच्या कक्षेत बसतं का?" नोटीस उघडी असताना ते मोकळेपणी बोलू शकत नाहीत, म्हणून आधीच विचारा.

नकार आला तर हडकडे डीब्रीफिंग मागता येतं. गुण कुठे कापले ते सांगतात. मागण्याची मुदत नोटिशीतच असते, ती चुकवू नका. एनआयएचमध्ये छाननीचा लेखी गोषवारा आपोआप मिळतो आणि तोच प्रस्ताव सुधारून ३७ महिन्यांच्या आत एकदा पुन्हा देता येतो. गोषवारा आला की दोन दिवस तो उघडून रागवा. तिसऱ्या दिवशी प्रत्येक आक्षेपासमोर 'दुरुस्त', 'समजावून सांगणे' किंवा 'त्यांचं बरोबर' असं लिहून तक्ता करा, आणि मग मला पाठवा.